रिकाम्या खेपेला पाच

ही गोष्ट खरी आहे. पटणार नसेल तर इथेच थांबा, माझं काही म्हणणं नाही.

जिच्या बाबतीत घडली ती माझी मावसबहीण. थापा मारणं तिला कधी जमलंच नाही. लहानपणी आम्ही दोघांनी मिळून काही उद्योग केले, की पहिल्याच दटावणीला ती सगळं ओकून मोकळी व्हायची आणि मार मला पडायचा.

आणखी एक सांगतो. ही रात्रीची गोष्ट नाही. गेलेली वीज, वादळ, कुत्र्यांचं रडणं... यातलं काहीच नव्हतं. भर दुपार होती. दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली. खिडकीत ऊन. खाली टायरचं दुकान, आणि त्यातलं हवा भरायचं यंत्र धडधडत होतं.

ते धडधडत होतं तोवर सगळं ठीक होतं.

बहिणीला घरात सगळे ढापणी म्हणतात. तिसरीत चष्मा लागला तेव्हापासून. चाळिशी उलटली, केस पिकले, पण नाव काही सुटलं नाही. या वयात तिने पुन्हा कॉलेजात नाव घातलं होतं. मानसशास्त्र. अर्धवट राहिलेली पदवी पुरी झाली तर शाळेत समुपदेशकाची नोकरी मिळणार होती.

सकाळी कॉलेज. दुपारी आईजवळ. संध्याकाळी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं. आणि रात्री पुन्हा आईची कूस बदलायला उठायचं, उठायचं आणि उठायचं. झोप म्हणजे काय ते ती विसरूनच गेली होती. वर्गातली पोरं तिला आधी काकू म्हणत. एकदोनदा ती बाकावर डोकं टेकून घोरताना दिसली, मग ताई म्हणायला लागली. आपल्यातलीच आहे म्हणाली.

तिची आई म्हणजे माझी मावशी. मावशीला झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं शाबूत, डोकं शाबूत, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. पण डाव्या हाताला चिमटा काढला तरी पत्ता लागत नसे.

मावशीचे यजमान, आमचे काका, होते तोवर तेच सगळं करायचे. दुपारचं जेवण झालं, की पलंगाच्या डाव्या अंगाला स्टूल टाकून बसायचे आणि तोच निर्जीव हात आपल्या उजव्या हातात घ्यायचे.

"अहो, त्याला काही कळत नाही. उजवा धरा की," मावशी म्हणायची.

"उजव्याला कामं आहेत. याला कोण आहे?"

काका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होते. ऐन तारुण्यात, लग्नाच्याही आधी, त्या यंत्राने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. त्यावरून घरात थट्टा चालायची. ते हिशेबाला बसले की मावशी म्हणायची, "यांना आठाच्या पुढचं विचारू नका हं." आणि सगळ्यात मोठ्याने काकाच हसायचे.

मग काका गेले. झोपेतच गेले.

ढापणीने स्टूल माळ्यावर टाकलं. मावशीला तोल नव्हता, डाव्या बाजूने खाली पडायची भीती होती. म्हणून तिने पलंग ढकलून डाव्या अंगाने भिंतीला टेकवला. मध्ये तळहात जाईल एवढी फट उरली. तिथे आता कुणाला बसायला जागाच नव्हती.

थोडे दिवस गेले. एका दुपारी ढापणी मावशीचं तोंड पुसत होती. खाली दुकानात जेवणाची सुट्टी झाली. यंत्र थांबलं. खोली एकदम शांत झाली...

"आले बघ," मावशी म्हणाली.

"कोण?"

"कोण काय? तुझे बाबा. हात धरलाय."

ढापणीने पाहिलं. डावा हात चादरीवर पडला होता. जवळ कुणी नव्हतं. भिंत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. यंत्र थांबायचं, खोली शांत व्हायची, आणि मावशीच्या चेहऱ्यावर हसू यायचं. यंत्र सुरू झालं की ती म्हणायची, "गेले."

ढापणीचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. त्याने फोनवरच निकाल देऊन टाकला. "आईचं डोकं फिरलंय. झोपेची गोळी चालू कर, नाहीतर सरळ एखाद्या संस्थेत ठेवू."

"डोकं ठणठणीत आहे तिचं," ढापणी म्हणाली. "हे आमच्या अभ्यासातच आहे."

आणि खरंच होतं ते. त्या वर्षी त्यांना संवेदन आणि अवबोधन हाच विषय होता. संवेदन म्हणजे कातडीने, कानाने, डोळ्याने आत पाठवलेली बातमी. अवबोधन म्हणजे मेंदूने तिचा लावलेला अर्थ. बातमी आलीच नाही, तर मेंदू काही गप्प बसत नाही. जुन्या आठवणींतून स्वतःच एक बातमी तयार करतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाला खाज सुटते, ती अशी.

ढापणीला हे वाचून फार बरं वाटलं होतं. आई वेडी नव्हती. आईचा मेंदू बाबांना हाक मारत होता, एवढंच. शपथेवर सांगायचं तर तिला थोडा हेवाही वाटला. मावशी जेवायला लागली होती. झोपायला लागली होती. घरात कुणाला तरी झोप लागत होती.

पण भाऊ ऐकेना. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला, आईला हलवायचंच म्हणाला. आईची शुद्ध शाबूत आहे हे त्याला पटवून द्यायला हवं होतं, नाहीतर मावशी कुठल्यातरी परक्या खाटेवर जाणार होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात कॉलेजात स्पर्शाचं प्रात्यक्षिक निघालं. घरच्या एका माणसावर प्रयोग करून आणा, मॅडम म्हणाल्या.

ढापणीने ठरवलं, आईवरच करायचा. एका दगडात दोन पक्षी.

प्रयोग साधा असतो. कंपाससारखं एक साधन, त्याला दोन बोथट टोकं. समोरच्याचे डोळे बांधायचे. कातडीवर कधी एक टोक टेकवायचं, कधी दोन्ही. त्याने सांगायचं, एक की दोन. बोटांच्या टोकांवर लगेच कळतं. दंडावर टोकं बरीच लांब असली तरी एकच वाटतं. आणि मध्येमध्ये काहीच टेकवायचं नाही. तिला रिकामी खेप म्हणतात. माणूस खरं सांगतोय की ठोकून देतोय, ते या रिकाम्या खेपेत कळतं.

ढापणीने रुमालाने मावशीचे डोळे बांधले.

"आता फाशी देतेस का गं?" मावशीने विचारलं.

"गप्प बस. जेवढी टोकं जाणवतील तेवढा आकडा सांगायचा. काही जाणवलं नाही तर नाही म्हणायचं. कळलं?"

इथे तिची चूक झाली. पुस्तकात सूचना अशी नव्हती. 'एक की दोन, एवढंच सांगा,' अशी होती, आणि शब्द बदलायचे नाहीत असं मॅडमनी दहादा बजावलं होतं. पण रात्रभराचं जागरण, डोळ्यांत चिपडं... तिने आपल्या मनाने सांगून टाकलं.

ती नीट सांगती, तर पुढचं काहीच कळलं नसतं.

उजव्या हातावर सगळं छान झालं. एक. दोन. दोन. रिकाम्या खेपेला चोख 'नाही'. कुठेही ठोकून दिलेलं नाही. धाकट्याच्या तोंडावर मारायला एवढं पुरेसं होतं.

मग ती मावशीच्या अंगावरून वाकली आणि पलीकडच्या, भिंतीकडच्या हाताला टोकं लावली.

"नाही."

पुन्हा लावली, जरा जोरात.

"नाही गं."

हात मेलेलाच होता. अपेक्षित होतं तेच. ढापणी उगाच आणखी दोन खेपा करत राहिली.

खाली यंत्र थांबलं...

तिने कंपास उचलून धरला. रिकामी खेप.

"पाच," मावशी म्हणाली.

ढापणी हसली. "काहीतरीच काय? टोकं दोनच आहेत."

"तूच म्हणालीस ना, जाणवतील तेवढी सांग? मग पाच."

तिने दोन्ही टोकं टेकवली.

"पाच."

तिने हात मागे घेतला. कंपास आपल्या मांडीवर ठेवला.

"पाच. अजून आहेत. किती वेळ गं हा खेळ?"

"कुठे कुठे आहेत, दाखव," ढापणी म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं.

मावशीने डोळे बांधलेले असताना उजवा हात पलीकडे नेला. डाव्या हाताच्या पाठीवर एक बोट ठेवलं. "हा अंगठा." मग तळव्याकडून एकेक जागा दाखवत गेली. "ही चार. बघ ना, करंगळी मनगटापाशी आलीय. आज घट्ट धरलाय यांनी."

करंगळी.

काकांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. मावशीचं लग्न झालं तेव्हाही नव्हतं.

ढापणीने भिंतीकडे पाहिलं. फटीकडे पाहिलं. फटीत सावली होती, बाकी काही नाही...

"काय झालं गं?" मावशीने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि आईच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला. मावशी हसत होती. इतकं समाधान तिच्या तोंडावर झटका आल्यापासून कधी नव्हतं. त्या तोंडाकडे बघून 'आई, हे बाबा नाहीत' असं म्हणायची तिची छातीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना गाठलं. मॅडम वह्यांच्या ढिगाऱ्यात बुडाल्या होत्या. त्याही थकलेल्याच.

"मॅडम, मेंदू रिकामी जागा भरतो तो जुन्या अनुभवातूनच ना?"

"हो. दुसरं कुठून आणणार?"

ढापणीने सगळं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"अहो, पाच बोटांचे हात जगात भरपूर आहेत. तुमच्या आईला आणखी कुणाचा तरी हात आठवत असेल. तुमचाच असेल. तुम्ही धरत असाल ना रोज?"

ढापणीने आठवून पाहिलं.

ती तो हात रोज धुवायची. त्याची नखं कापायची, तेल लावायची, बाहीतून आतबाहेर करायची. पण नुसता धरून बसली नव्हती. कधीच नाही. बसायला वेळ कुठे होता? तिला तिथेच मॅडमसमोर रडू आलं. मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "सुट्टी घ्या दोन दिवस. झोपा."

त्या दुपारी ती ठरवूनच बसली. आज आईचा हात आपण धरायचा. मॅडम म्हणतात तसंच असेल. आपलाच हात असेल.

यंत्र थांबलं. मावशी म्हणाली, "आले."

ढापणी पलंगावर गुडघे टेकून चढली आणि आईच्या अंगावरून पलीकडे वाकली. डावा हात चादरीवर होता. झटक्यानंतर त्याची बोटं नेहमी आत वळलेली असायची. आज ती वळलेली नव्हती. एखादी जाड वस्तू धरल्यासारखी उघडून, बाक घेऊन थांबली होती.

मुठीत काहीच नव्हतं. चादर दिसत होती.

तिने आपली बोटं आईच्या तळव्यात सरकवायला घेतली...

जाईनात.

तिने पुन्हा नेली. बोटं अडत होती. गार नव्हतं, ओलं नव्हतं. ऊबदार होतं. तिथे जागाच नव्हती. आईची मूठ आधीच भरलेली होती.

"अगं, मध्ये काय करतेस?" मावशी लाडाने म्हणाली. "बसू दे ना त्यांना."

ढापणी पलंगावरून उतरली. स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला आणि वाहत्या पाण्याखाली हात धरून उभी राहिली. यंत्र सुरू होईपर्यंत ती बाहेर आली नाही.

संध्याकाळी तिने स्वतःच भावाला फोन लावला. "आईला घेऊन जा. संस्थेत नको, तुझ्याकडे ने. लवकर ये."

धाकटा चाट पडला. इतके दिवस भांडणारी बहीण अशी एका फोनवर कशी वळली, त्याला कळेना.

मावशीला व्यायाम द्यायला एक बाई यायच्या. निघायच्या दिवशी त्या आल्या, तर खूश. "डावा हात किती गरम आहे बघा! रंगही सुधारलाय. आता कशाला हलवताय यांना?"

मावशी रडायला लागली. "इथून नेऊ नका गं. ते मला कुठे शोधतील?"

"परीक्षा आहे माझी, आई. तेवढीच. झाली की लगेच आणते परत."

खोटं बोलणं तिला जमत नाही म्हणालो ना मी? तेवढं एक जमलं.

खाली गाडीत बसवताना मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही.

भावाच्या घरी सगळी सोय होती. मोठी खोली, चांगला पलंग, वहिनी जिवाला जीव देणारी. पण दुपारी कुणी येत नव्हतं. वहिनी फोनवर सांगायची, "ताई, हात बर्फासारखा पडलाय. रोज जेवण झालं की तो हात तेवढा बाजूला काढून ठेवायला सांगतात. आणि वाट बघत बसतात."

मग जेवणही बंद झालं.

एका दुपारी मावशीने स्वतः फोन मागून घेतला. आवाज कागदासारखा झाला होता. "ते तिकडे आले होते का गं?"

"नाही, आई."

"मला घरी ने."

"परवा शेवटचा पेपर आहे. झाला की निघतेच."

ढापणीने तिकीटही काढलं होतं. बाबा असोत, नसोत. पाच बोटं असोत, दहा असोत. आईला ज्याने घास जात होता, ते तिला परत मिळायला हवं, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. कुणाचं का असेना.

पेपरच्या आदल्या दिवशी मावशी गेली.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. धाकटा म्हणाला, निदान हाल नाही झाले. सगळं आटोपून ढापणी एकटी घरी परतली. दार उघडलं, पिशवी टाकली आणि मागच्या खोलीत जाऊन आईच्या पलंगावर पडली. रडण्याइतकंही त्राण नव्हतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला कुणासाठी उठायचं नव्हतं.

दुपार होती. खाली यंत्र धडधडत होतं. तिचा डोळा लागला.

कशाने जाग आली ते आधी कळलंच नाही. आवाज झाला नव्हता.

आवाज थांबला होता...

ती उताणी पडली होती. डावा हात भिंतीकडे. डोळे मिटलेलेच.

हाताला ऊब लागत होती.

तिने मोजलं नाही. गरजच नव्हती. अंगठा हाताच्या पाठीवर होता आणि हळूहळू पुढेमागे फिरत होता, ताप आलेल्या लेकराजवळ बसलेलं मोठं माणूस फिरवतं तसा.

ओरडावं, हात हिसकावून घ्यावा, पळत सुटावं... हे सगळं तिला सुचलं. मला तिने तसंच सांगितलं, सुचलं सगळं. भीतीने अंगावर काटाही आला होता. पण ती इतकी थकली होती, आणि तिचा हात असा कुणी धरल्याला इतकी वर्षं झाली होती, की उठणं तिच्याने झालं नाही.

तिने डोळे उघडले नाहीत.

ती थोडी भिंतीकडे सरकली.

हे तिने मला गेल्या वर्षी सांगितलं, माझ्या घरी, चहा पिता पिता. हुकलेला पेपर नंतर दिला, पदवी मिळालीय. शाळेत नोकरी लागलीय. सकाळची शाळा असते, दुपारी घरी येते. तब्येत सुधारलीय, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलीयत. धाकटा घर विकू म्हणतो, तर ही कानावर हात ठेवते.

मी तिला म्हणालो, "अगं, ते कोण आहे ते तरी तुला माहीत आहे का? कशाला राहतेस तिथे? माझ्याकडे ये, ही खोली रिकामीच आहे."

तिने कप खाली ठेवला. माझ्याकडे नाही, घड्याळाकडे पाहिलं आणि पर्स उचलली.

"नको रे," ती म्हणाली. "उशीर झाला तर वाट बघत बसावं लागतं."

कुणाला, ते मी विचारलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला गेलो आणि परत येऊन दाराला कडी लावली.